मानशीचं दार

माझं काम रेघा ओढायचं.
चौकोन पुरुष, वर्तुळ बाई,
आडवी रेघ म्हणजे लग्न,
तिरकी काट मारली की ते माणूस गेलेलं.
बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
रोहिदास कुंडईकरांनी मला तीन पिढ्या सांगितल्या
आणि प्रत्येक वर्तुळापाशी थांबून
त्या बाईच्या हातचं काय चांगलं व्हायचं, तेही.
त्यासाठी आमच्याकडे खूण नाही.

शेवटचं वर्तुळ काळं भरलं. तारिणी, वय पाच.
सातव्या आठवड्यापासून इन्शुलिन,
रोज चार टोचण्या;
ती आताशा स्वतःच हात पुढे करते.

तिच्या एका जनुकात एक अक्षर वेगळं निघालं.
अहवालात लिहून आलं : अर्थ अनिश्चित.
डॉक्टर लोर्ना फुर्तादो तो कागद चार महिने
पर्समध्ये घेऊन हिंडल्या, मिस्साला, बाजाराला,
आणि मग एका गुरुवारी आम्हाला एकत्र बसवलं.

नफीसा बेपारी, जिला वॉर्डाच्या वासानेही चक्कर येते
आणि जी लाखो माणसांची अक्षरं पडद्यावर चाळते,
म्हणाली, हे अक्षर मला कुठेच दिसत नाही.
पण न दिसणं हा पुरावा नव्हे.
हृषीकेश मूळचा भौतिकशास्त्राचा. म्हणाला, पेशीलाच विचारू.
त्याच्याकडे केसाहून बारीक काचेची नळी होती
आणि परदेशी बेडकांची अंडी.
बेडूक म्हटल्यावर कुणीतरी हसलं.
गोव्यात बेडकाचं काय होतं, सगळ्यांना ठाऊक.

सहा गुरुवार नुसते भांडलो.
तो ‘प्रवाह’ म्हणे, डॉक्टर रक्त समजत.
नफीसाचं ‘लक्षणीय’ म्हणजे एक आकडा,
माझं म्हणजे तारिणीची आई
रात्री तीनला उठून तिचं बोट टोचते, ते.
एकदा एका शब्दावर चहा गार झाला.
शब्द होता ‘सामान्य’.
अंड्यांची एक खेप वीज जाऊन कुजली.

बाराव्या गुरुवारी रेघ आली,
माझ्यासारखी पट्टीने ओढलेली नाही, थरथरती.
साखर चढते, पेशीचं एक दार मिटायला हवं,
ते मिटत नाही,
आणि इन्शुलिन आतल्या आतच बसून राहतं.

हे बापाला सांगायचं कसं?
हृषीकेशने पोटॅशियमपासून सुरुवात केली.
रोहिदास बराच वेळ ऐकत राहिले,
दिवाडीच्या खाजनात मानस सांभाळणारा माणूस,
रात्री-अपरात्री पाण्याच्या वेळेला उठणारा.
मग म्हणाले,
“म्हणल्यार भरती आयली तरी दार उक्तें उरतां, न्हय?”
माझं पेन घेतलं,
माझ्याच कागदाच्या पाठीवर दोन फळ्या काढल्या :
खारं पाणी चढतं, तेच फळ्यांना लोटतं, त्या मिटतात.
सांध्यात एखादं कालव अडकलं
की सगळं शेत खारट.
फळी मोडलेली नसते हो, नुसती मिटत नाही.
“हातान लोटल्यार धांपतलें?”

डॉक्टरांच्या मनात गोळी होतीच,
पण इतका सरळ प्रश्न
आमच्यापैकी कुणी फळ्यावर लिहिला नव्हता.

जुनी गोळी, म्हाताऱ्यांच्या मधुमेहाची.
बशीत विरघळवली, अंड्यावर सोडली.
रेघ खाली आली. पूर्ण नाही,
पण आली.
नफीसाने तिनदा मोजायला लावलं.

वॉर्डात नऊ दिवस. इन्शुलिन थेंबाथेंबाने कमी.
दहाव्या सकाळी सुई आलीच नाही.
तारिणीने सवयीने हात पुढे केला,
आणि सिस्टरला काय करावं सुचेना,
तिने त्यावर नुसतं बोट टेकवलं.

आता निबंधात कुणाचं नाव आधी
यावरून गुरुवार पुन्हा तापलेत.
रोहिदास अजून एक बाटली फ्रिजमध्ये राखून आहेत,
भरतीचा काय भरवसा, म्हणतात.
तो कागद फाईलला लावायचा राहिलाय माझ्याकडून.
पेन दाबून चालवलं होतं त्यांनी :
उजेडात धरला की
तारिणीच्या काळ्या वर्तुळामागून
एका फळीची कड उमटलेली दिसते.